मापाची बांगडी

चैताच्या उन्हात बिबड्यांचा घाटा घोटता घोटता
मी बसले ती उठेचना.
सरूबाईनं माझ्याकडं पाहिलं,
पातेल्यावर झाकण ठेवलं,
आणि झाकणालाच विचारावं तसं हळू विचारलं,
"तुनं बी बाहेर येस का?"

अकरा वर्षं.
अकरा वर्षं मी ते दोन बोटांनी आत लोटत होते,
न्हाणीच्या दगडावर, दिवाळीच्या पहाटे, लेकीच्या हळदीत,
कापूस वेचताना तुरीच्या ओळीआड बसून.
जुन्या लुगड्याची चौपदरी घडी बांधून
लग्नं जेवले, पाचव्या पुजल्या,
हसताना ओठ आवळले, खोकताना मांड्या.
'अंग' म्हणायच्या बाया त्याला, आणि गप्प व्हायच्या.
जसं तेवढंच आमचं,
बाकीचं शरीर दुसऱ्याचं.

तापी ओलांडून चोपड्याला गेले, सरकारी दवाखान्यात.
धनकोर भिला पाटील, वय एकसष्ट.
काय होतंय आजी?
खिडकीतला पोरगा नातवाच्या वयाचा.
मी म्हटलं, कंबर.

पडद्याआड सांगितलं खरं,
भिंतीकडं तोंड करून.
वाटलं, आता म्हणेल पिशवी काढून टाका,
पोरांना सही करायला बोलवा.
डॉक्टरीण म्हणाली, लागलंच तर तेही बघू, आधी हे,
आणि तिनं ड्रॉवर उघडला.
आत मऊ पांढरी वर्तुळं, लहान-मोठी.

मला रहेमतबी मणियार आठवली,
ओसरीवर टोपली उतरवून
अंगठ्याच्या बुडाशी हात दाबून बघायची,
"सव्वादोन नाही जाणार, अडीच काढते."

पहिली रिंग सैल, जिना चढताना सुटून आली.
दुसरी टोचली.
तिसरी घालून म्हणाली, खोका.
खोकले.
चालून या.
सायकली लावतात तिथवर जाऊन आले.
लघवी करून या. आले.
आता उकिडव्या बसा.
बसले.
आणि काही झालं नाही.
'काही झालं नाही',
एवढी मोठी बातमी
मी जन्मात कुणाला दिली नव्हती.

व्यायाम म्हणजे तर निव्वळ चोरी.
वारा सुटू नये म्हणून आवळावं
तसं आतून वर ओढायचं,
पाच आकडे धरायचं, सोडायचं.
दहादा. दिवसातून तीनदा.
तीन-चार महिने तरी फळ विचारायचं नाही.
मी करते बसमध्ये, धरणगाव येईस्तोवर,
ग्रामसभेत टाकीचं भाषण चालतं तेव्हा,
आणि दीर बांधाचं बोलायला येतो तेव्हा तर दोनदा.
त्याला वाटतं, वहिनी फार लक्ष देऊन ऐकते.

जड उचलायचं नाही, म्हणाली.
आमच्याकडं नळ आठव्या दिवशी.
हंडा दारात भरून राहिला, दुपारपर्यंत.
मी पाहिला. सुनेनं पाहिला.
शेवटी थोरल्यानं उचलला, डोक्यावर नाही,
हातात धरून, निम्मा अंगावर सांडत.
बोलला काही नाही. मीही नाही.

तीन महिन्यांनी जाते.
ती रिंग काढते, आत नीट बघते, धुते, पुन्हा घालते,
एकदा सोलवटलं होतं तर मलम दिलं
आणि पंधरा दिवस रिंगेशिवाय ठेवलं.
ते पंधरा दिवस मला हात उघडे पडल्यासारखे गेले.

धनी गेले तेव्हा बायांनी माझे हात
पायरीच्या दगडावर मोकळे केले होते.
कुणाची तरी काच लागून मनगटाला रक्त आलं,
तेही कुणी पुसलं नाही.
ही बांगडी कुणाला दिसत नाही.
ही फोडायला कुणी येणार नाही.

पुन्हा चैत. पुन्हा तेच पातेलं.
सरूबाई अजून गेलेली नाही.
दुखतं का, तिनं तिसऱ्यांदा विचारलं.
घालताना थोडं, म्हटलं,
बांगडी नाही का दुखत, हात आखडून धरला तर.
बरं, बुधवारी, म्हणाली.
कोणता बुधवार ते नाही म्हणाली.

गच्चीवर बिबड्या एका बाजूनं वाळल्यात.
मी उकिडवी बसून एकेक उलटतेय.